तिऱ्हाईताचे आकडे

वसंत व्याख्यानमालेत इतिहास, वाङ्मय, संगीत, शेती अशा विषयांवर बोलण्याची वहिवाट आहे. तेथे ‘दुसऱ्याने पाठविलेले आकडे आपल्या कामात कसे बसवावे’ हा विषय घेऊन उभे राहणे म्हणजे लग्नाच्या पंगतीत जमाखर्चाची वही उघडण्यासारखे आहे, याची आम्हांस जाणीव आहे. तथापि दिंडोरी तालुक्यातील शेतकरी आज सकाळी उठून प्रथम काय पाहतो, याचा विचार केला म्हणजे विषय इतका परका वाटणार नाही. तो हातातील फोन पाहतो. काल टोमॅटो कोठे काय भावाने गेला, रात्री पाऊस किती पडला, धरणात पाणी किती आहे, हे त्यात लिहिलेले असते. त्यावर तो गाडी दिंडोरीला न्यावी की पिंपळगाव बसवंतला, आज फवारणी काढावी की उद्या, हे ठरवितो. तो आकडा त्याच्या हाती येईपर्यंत चार-पाच हातांतून फिरलेला असतो, आणि त्यांतील प्रत्येक हाताने तो कोणत्या अर्थाने पुढे दिला हे बहुधा कोठेच लिहिलेले नसते. त्या न लिहिलेल्या गोष्टीविषयी आम्हांस चार शब्द सांगावयाचे आहेत.

ही अडचण यंत्रांनी आणली असे मात्र कोणी समजू नये. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी ‘मण’ हे वजन होते. बंगाली मण सुमारे ३७.३ किलोचा, मुंबईचा मण २८ पौंडांचा म्हणजे सुमारे १२.७ किलोचा, आणि मद्रासचा २५ पौंडांचा म्हणजे सुमारे ११.३ किलोचा. तेव्हा कोणी मुंबईहून कलकत्त्याला ‘मणाला अमुक रुपये’ असा भाव कळविला आणि मण कोणता ते लिहिले नाही, तर वाचणारा तिपटीने फसला. आकडा खरा, लिहिणारा प्रामाणिक, वाचणाराही शहाणा. तरी व्यवहार बुडाला. हा गोंधळ मिटविण्यासाठी १९५६ साली वजन-मापांचा कायदा झाला, १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, आणि पुढील काही वर्षांत किलो व क्विंटल बाजारात रुळले. मण गेला. पण मणाचा जो रोग होता, म्हणजे ‘आम्हांस ठाऊक आहे, म्हणून सर्वांस ठाऊक असणारच’ ही समजूत, तो गेला नाही. तो संगणकात शिरला.

आता हे आकडे येतात कसे ते पाहू. आपल्या तालुक्यात करंजवण, पालखेड, वाघाड, ओझरखेड अशी धरणे आहेत. त्यामुळे पाटाची उपमा दिली तर सर्वांस समजेल. एखादी संस्था आपल्याकडील आकडे एका ठिकाणी ठेवते आणि इतरांच्या संगणकांना तेथून ते घेऊ देते. याला इंग्रजीत फीड म्हणतात. आपण ओघ म्हणू. घेणाऱ्याचा संगणक ठरलेल्या वेळी दार ठोठावतो, ‘आजचे द्या’ म्हणतो, आणि पलीकडून ओळींमागून ओळी येतात. प्रत्येक ओळीत रकाने असतात : राज्य, जिल्हा, बाजार, शेतमाल, जात, तारीख, किमान भाव, कमाल भाव, सर्वसाधारण भाव. पाटाच्या शेपटाकडे बसलेल्याला पाणी कोठून सुटले, वाटेत किती मुरले, दार कोणी किती उघडले हे दिसत नाही. त्याला फक्त चारीत आलेले पाणी दिसते. ओघाच्या शेपटाकडे बसणाऱ्याची स्थिती तशीच.

आपल्याकडे बाजार समित्यांचा कायदा १९६३ चा. समितीच्या आवारात लिलाव होतो, समितीचा माणूस आवक व भाव टिपून घेतो. राज्याचे कृषि पणन मंडळ १९८४ साली स्थापन झाले. ते राज्यभरच्या समित्यांचे भाव एकत्र करून प्रसिद्ध करते. केंद्र सरकारची अ‍ॅगमार्कनेट ही योजना २००० साली निघाली. तिच्यात देशभरच्या बाजारांचे भाव एका जागी आले. सरकारी माहिती लोकांस खुली करावी असे राष्ट्रीय धोरण २०१२ साली ठरले. हे सर्व आम्ही उपकार म्हणून मानतो. लासलगावच्या कांद्याचा भाव दिल्लीत बसून त्याच दिवशी कळावा, ही गोष्ट आमच्या लहानपणी कोणी सांगितली असती तर आम्ही हसलो असतो. शिवाय या मूळ झऱ्यांतून माहिती घेऊन, ती नीटनेटकी करून देणाऱ्या खासगी संस्थाही आता बऱ्याच आहेत.

आम्ही तिघाचौघांनी तालुक्यातील बागाईतदारांसाठी रोज सकाळी एक छोटा संदेश पाठविण्याचे काम अंगावर घेतले : चार बाजारांचे भाव, पाऊस, धरणसाठा. पैशाचा व्यवहार नाही. भावाचा ओघ एकाकडून आणि पावसाचा दुसऱ्याकडून घेतला. त्यांची नावे येथे घेणार नाही. एक तर ते या सभेत उत्तर द्यावयास हजर नाहीत, आणि दुसरे म्हणजे इतरांशी गाठ पडली असती तर कथा फारशी वेगळी झाली नसती. आमचा अंदाज होता की काम आठवड्याचे आहे. माहितीपत्रक म्हणून दीड पानाचा एक कागद मिळाला. त्यात रकान्यांची नावे होती, आणि प्रत्येक नावापुढे तेच नाव थोडे लांबवून लिहिले होते. ‘तारीख’ या रकान्यापुढे ‘नोंदीची तारीख’. ‘भाव’ यापुढे ‘शेतमालाचा भाव’. सासूने नव्या सुनेला डबे दाखवावेत आणि म्हणावे, ‘हा डबा, हाही डबा’, तसा प्रकार.

पहिला धडा शून्याने शिकविला. दोनएक महिने काम चालल्यावर एके दिवशी कांद्याच्या एका बाजारापुढे भाव आला शून्य. आम्ही तो तसाच पुढे पाठविला. सकाळी सात वाजल्यापासून फोन सुरू झाले. एक म्हातारेबाबा म्हणाले, “भाऊ, फुकट घेऊन चालले का आमचा कांदा?” आम्ही ओघ देणाऱ्यांस विचारले, उत्तर आले नाही. मग आमच्यातल्या एकाच्या घरी भिंतीवर कालनिर्णय होते, त्याकडे त्याच्या आईने बोट दाखविले : “अरे, काल अमावास्या होती.” अमावास्येला कांद्याचे लिलाव बंद ठेवण्याची रीत नाशिक जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली होती. बाजार बंद होता, भाव झालाच नव्हता. जेथे काहीच लिहावयाचे नव्हते तेथे यंत्राने शून्य लिहिले होते.

यातील भेद बारीक आहे, पण फार महत्त्वाचा आहे. ‘भाव शून्य’ आणि ‘भाव नाही’ या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. पाहुण्याने जेवण नको म्हणणे आणि पाहुणा आलाच नसणे, यांत जेवढा फरक, तेवढा. माणूस हे चटकन ओळखतो. यंत्र शून्याला संख्या समजते आणि बेरजेत धरते. समजा आठवड्यातील सहा दिवसांचे भाव १५००, १६००, १४००, ०, १५००, १५०० असे आले. शून्य धरून सरासरी काढली तर १२५० येते. बंद दिवस वगळून काढली तर १५००. क्विंटलमागे अडीचशे रुपयांची ही घसरण कोणत्याही बाजारात झालेली नाही. ती एका रिकाम्या चौकटीत झाली. आणि बंगळूरला किंवा दिल्लीला बसून हे आकडे अभ्यासणाऱ्या विद्वानाला दर साडेएकोणतीस दिवसांनी नाशिकचा कांदा का कोसळतो याचे कोडे पडले, तर त्याला दोष देता येणार नाही. त्याच्या भिंतीवर आमच्या मित्राच्या आईचे बोट पोहोचत नाही.

एवढ्यावर भागले असते तर बरे होते. आम्ही ‘शून्य म्हणजे बंद’ असा नियम घातला. पुढे असे दिसले की काही बाजारांत शून्य म्हणजे बंद, काहींत शून्य म्हणजे ‘आकडा अजून आला नाही, दुपारी येईल’, आणि एका बाजाराच्या बाबतीत तर बंद दिवशी आदल्या दिवसाचाच भाव पुन्हा येत असे. शेवटचा प्रकार सर्वांत वाईट. शून्य निदान डोळ्यांत खुपते. कालचा भाव आजचा म्हणून आला तर कोणाला काय कळणार?

दुसरी गोष्ट ‘सर्वसाधारण भाव’ या शब्दाची. शब्द किती निरुपद्रवी आहे! इंग्रजी रकान्यात याला मोडल म्हणतात. म्हणजे ज्या भावाने सर्वांत अधिक माल गेला तो भाव. पण मराठीत ‘सर्वसाधारण’ वाचून कोणी सरासरी समजतो, कोणी किमान आणि कमाल यांच्या मधला. समजा सारख्या वजनाचे दहा ढीग विकले गेले : सहा १२०० ने, तीन १४०० ने, आणि एक निवडक माल ३००० ने. सर्वांत अधिक माल ज्या भावाने गेला तो १२००. दहांची सरासरी १४४०. किमान-कमालांचा मध्य २१००. तिन्ही हिशेब बरोबर आहेत, तिन्ही ‘सर्वसाधारण’ म्हणविता येतात, आणि बाजारात गाडी घेऊन जाणाऱ्याच्या दृष्टीने १२०० आणि २१०० यांत मुलाच्या फीचे अंतर आहे. आमच्या ओघात कोणता अर्थ होता? कागदावर लिहिले होते : ‘सर्वसाधारण भाव – शेतमालाचा सर्वसाधारण भाव’. आम्ही तीन महिन्यांचे आकडे घेऊन किमान-कमालांचा मध्य काढून पाहिला, तेव्हा दोन बाजारांत तो रुपयापर्यंत जुळला. तेथील नोंद करणारा माणूस बेरीज करून दोनाने भागत होता, आणि त्याची चूक म्हणावी तर त्याला तसे करू नको असे कोणी सांगितल्याचे दिसले नाही.

परिमाणांविषयी थोडक्यात सांगतो, कारण यातले सर्वांना ठाऊक आहे. टोमॅटो आपण वीस किलोच्या क्रेटने बोलतो, कागद क्विंटलने बोलतो. क्रेटला ३०० म्हणजे क्विंटलला १५००. क्रेटचा ३०० हा आकडा क्विंटलच्या रकान्यात पडला की टोमॅटो तीन रुपये किलो झाला. कोथिंबीर आणि मेथी शेकडा जुडीने जाते. जुडी केवढी, हे तर ती बांधणाऱ्या हातावर. पणन मंडळाच्या तक्त्यात ‘परिमाण’ असा स्वतंत्र रकाना असतो आणि त्यात क्विंटल की नग हे लिहिलेले असते. एका छोट्याशा रकान्याने किती अनर्थ टळतो! आमच्या ओघात तो वाटेत कोणीतरी अनावश्यक म्हणून गाळला होता. धरणसाठ्यातही तेच : कोणी दलघफू लिहितो, कोणी दलघमी, एक दशलक्ष घनमीटर म्हणजे सुमारे ३५.३ दशलक्ष घनफूट. रकाना अरुंद असला आणि ‘दलघ’ एवढेच उरले, म्हणजे पस्तीस पटींचा प्रश्न एका अक्षरावर येऊन थांबतो.

आता नावांकडे वळू. हा भाग आम्हांस सर्वांत अधिक छळून गेला, आणि खरे सांगावयाचे तर त्याच भागाने सर्वांत अधिक करमणूकही केली.

दिंडोरी म्हटले की आपल्यापुढे आपली दिंडोरी येते. पण मध्य प्रदेशात नर्मदेच्या काठी दिंडोरी नावाचे दुसरे गाव आहे; १९९८ साली मंडला जिल्ह्यातून वेगळा होऊन त्याच नावाचा जिल्हाही झाला. पावसाचा ओघ देणाऱ्यांकडे ठिकाण नावाने मागावयाचे होते. आम्ही ‘दिंडोरी’ मागितले, मिळाले, आकडे येऊ लागले. पावसाळाभर दोन्हीकडे पाऊस होता, म्हणून कोणाच्या लक्षात आले नाही. पुढे ऑक्टोबर आला. द्राक्षांच्या गोड्या छाटण्या झालेल्या, कोवळी फूट बाहेर पडत होती. या दिवसांत पाऊस झाला की डावणीची धास्ती. पाऊस थांबताच बुरशीनाशकाची फवारणी काढावी लागते, आणि ती स्वस्त नसते. एका सकाळी आमच्या संदेशात बऱ्यापैकी पाऊस दाखविला गेला. तासाभरात मोहाडीकडच्या एका बागाईतदारांचा फोन आला. माणूस शांत स्वभावाचा. म्हणाले, “सर, तुमचा पाऊस पडला कुठं? आमच्याकडं तर चांगलं ऊन पडलंय. शेजारच्यानं तुमचं वाचून पहाटेच औषध मारलं.” आम्ही शोध घेतला, तेव्हा नर्मदाकाठचा पाऊस चार महिने कादवेच्या काठी पडत होता असे आढळले. त्या शेजाऱ्याच्या औषधाचे पैसे आम्ही देऊ केले. त्याने ते घेतले नाहीत. पण आमचा संदेशही त्या दिवसापासून बंद करविला, आणि त्याचे तसे करणे योग्यच होते.

मग आम्ही जिल्ह्याचे नाव जोडले, तर एका ठिकाणी नासिक आणि दुसऱ्या ठिकाणी नाशिक. यंत्राला ती दोन शहरे. वणीचे तर विचारूच नका. सप्तशृंगीच्या पायथ्याची आपली वणी आणि यवतमाळ जिल्ह्यातील वणी, दोन्ही देवनागरीत अक्षरशः एकच. एके दिवशी आपल्या वणीच्या नावावर कापसाचा भाव आला. येथे द्राक्षे-टोमॅटोच्या मुलखात कापूस कोणी लावला, म्हणून आम्ही क्षणभर चौकशीही करणार होतो. पिंपळगावे राज्यात किती आहेत त्याची गणती आम्ही सोडून दिली.

नावांवर भरवसा नको म्हणून क्रमांक वापरावेत, असे जाणते लोक सांगतात, आणि ते बरोबर आहे. जनगणनेत प्रत्येक जिल्ह्याला क्रमांक असतो. परंतु २००१ च्या जनगणनेत क्रमांक राज्यापुरते होते, तेव्हा नाशिक जिल्हा २० होता. २०११ मध्ये देशभर सलग १ ते ६४० असे क्रमांक दिले, तेव्हा तोच जिल्हा ५१६ झाला. म्हणजे क्रमांकाबरोबर साल लिहिले नसेल तर क्रमांकही नावासारखाच दगा देतो.

आणि अक्षरांचे पाहा. या लेखाच्या शीर्षकात ‘तिऱ्हाईत’ हा शब्द आहे. त्यातला चंद्रकोरीसारखा अर्धा र संगणकात दोन रीतींनी साठविता येतो; डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला निराळे. कऱ्हाड, वऱ्हाड या नावांचे तेच. एकाने एका रीतीने टंकलेले कऱ्हाड दुसऱ्याने दुसऱ्या रीतीने शोधले, तर यंत्र शपथेवर सांगते की असे गाव नाही. नावाच्या शेवटी चुकून राहिलेली मोकळी जागाही अशीच. एका फाइलीत तर रकान्याच्या नावातील मोकळ्या जागेऐवजी ‘एक्स००२०’ अशी अक्षरे छापून आली होती. आम्ही दोन दिवस तो एखाद्या भावाचा प्रकार समजत होतो. तो मोकळ्या जागेचा सांकेतिक क्रमांक निघाला. म्हणजे दोन दिवस आम्ही अक्षरशः पोकळीचा अर्थ लावीत बसलो होतो.

तारखांची कथा त्या मानाने सरळ. ०३/०४ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल. अमेरिकेत ४ मार्च. काही यंत्रे पहिला आकडा बारापेक्षा मोठा दिसला की आपले आपण उलटवून घेतात. परिणाम असा की महिन्याचे पहिले बारा दिवस चुकीचे आणि पुढचे सर्व बरोबर, त्यामुळे महिनाअखेर तपासणाऱ्याला सर्व ठीक दिसते. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख लिहावी असा आंतरराष्ट्रीय प्रमाणनियम १९८८ पासून आहे. तो पाळला की हे भांडण मिटते. दुसरे भांडण घड्याळाचे. पुष्कळ ठिकाणी वेळ जागतिक प्रमाणवेळेत साठवितात. आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. म्हणून आपल्या १० तारखेची मध्यरात्र तेथे ९ तारखेचे सायंकाळचे साडेसहा म्हणून लिहिली जाते. मागाहून कोणी वेळ गाळून नुसती तारीख ठेवली, की सारा बाजार एक दिवस मागे सरकतो. जुन्या मंडळींस आठवत असेल की मुंबईची वेळ १९५५ पर्यंत निराळी होती, रेल्वेची निराळी. तेव्हा लोक निदान विचारीत तरी, की ही वेळ कोणती.

याच संदर्भात एक चांगले उदाहरण सांगितले पाहिजे. हवामानखात्याचा दैनिक पाऊस सकाळी साडेआठला मोजतात, आणि त्या तारखेखाली मागील चोवीस तासांचा पाऊस असतो. म्हणजे ५ तारखेच्या संध्याकाळी कोसळलेली सर ६ तारखेच्या नोंदीत येते. न कळणाऱ्याला ही चूक वाटेल. पण ही रीत ठरलेली आहे, लिहिलेली आहे, सर्व केंद्रांवर सारखी आहे. म्हणून ती एकदा समजून घेतली की पुन्हा त्रास देत नाही. आमचे भांडण विचित्र रीतींशी नाही. प्रत्येक शास्त्रात, प्रत्येक बाजारात विचित्र रीती असणारच. भांडण आहे ते न सांगितलेल्या रीतींशी.

मग सांगत का नाहीत? आरंभी आम्ही रागाने याला बेपर्वाई म्हणत असू. पुढे ओघ देणाऱ्यांशी पत्रव्यवहार वाढला. पहिल्या पत्राला पाच आठवड्यांनी उत्तर आले : ‘आवश्यक ती माहिती संकेतस्थळावर उपलब्ध आहे.’ दुसऱ्याला आले नाही. तिसऱ्या खेपेस आमच्यापैकी एकाने ओळख काढून, भाव नोंदविणाऱ्या एका लिपिकाला थेट फोन लावला. अर्ध्या तासात त्या गृहस्थांनी आमच्या अकरा प्रश्नांपैकी नऊ सोडविले. वर म्हणाले, “एवढंच होतं होय? हे तर सगळ्यांना ठाऊक आहे.” या वाक्यात सारे कोडे आहे. ज्याला माहीत असते त्याला ते सांगण्यासारखे वाटत नाही. आणि ज्याला सांगण्यासारखे आहे हे कळते तो, म्हणजे शेपटाकडे बसलेला आमच्यासारखा, त्याच्या हाती सांगण्याचा अधिकार नसतो. मधल्या माणसाला ना बाजार माहीत, ना शेतकरी. त्याने फक्त नळ जोडलेला असतो. रकान्यांचा खुलासा लिहून ठेवणे हे कोणाच्याच पगाराच्या कामात मोडत नाही. जाणता लिपिक बदलून गेला किंवा निवृत्त झाला, की खुलासा त्याच्याबरोबर जातो.

खुलासा लिहिला म्हणजे सर्व झाले असेही नाही. अमेरिकेने डिसेंबर १९९८ मध्ये मंगळाकडे एक यान पाठविले होते, मार्स क्लायमेट ऑर्बिटर. त्याच्या इंजिनाने दिलेल्या धक्क्यांचे आकडे एका कंत्राटदाराची प्रणाली पुरवीत असे. ते मेट्रिक परिमाणांत द्यावेत असे करारपत्रात स्पष्ट लिहिले होते. प्रत्यक्षात ते पौंडांत आले. एक पौंड-बल म्हणजे सुमारे ४.४५ न्यूटन. नऊ महिने आकडे येत राहिले, आणि २३ सप्टेंबर १९९९ रोजी यान मंगळाच्या फार जवळून जाऊन नष्ट झाले. तेथे कागद होता. कागद आणि आकडा एकमेकांशी ताडून पाहणारा कोणी नव्हता. एवढ्या मोठ्या मंडळींची ही गत, तेथे आमच्या टोमॅटोची काय कथा, असे म्हणून समाधान मानता येईल. पण फवारणीचे पैसे घालविणाऱ्याला ते पुरत नाही.

आम्ही काय करतो ते सांगून संपवितो. ओघातून जसे आले तसे, एक अक्षर न बदलता, प्रथम बाजूला ठेवतो. दुरुस्ती त्याच्या नकलेवर. पूर्वी आम्ही मूळावरच दुरुस्ती करीत होतो, आणि दुरुस्ती चुकली तेव्हा परतीची वाट उरली नव्हती. आकडा आदल्या दिवसाच्या दीडपटीहून वर किंवा निम्म्याहून खाली गेला, अथवा तंतोतंत कालचाच आला, तर यंत्र तो पुढे पाठवीत नाही. आमच्यापैकी एकजण बाजारात ओळखीच्या आडत्याला फोन करतो. ठिकाण नावाने कधीच मागत नाही, अक्षांश-रेखांश देतो. भाव कळला नाही तर ‘भाव मिळाला नाही’ असे लिहितो. हे वाक्य पाठविण्याची प्रथम लाज वाटे. पण त्याबद्दल आजवर एकही तक्रार आलेली नाही.

आणि एक वही घातली आहे. साधी दोनशे पानी, कापडी पाठीची. प्रत्येक रकान्याला एक पान. तो रकाना कशाचा, परिमाण काय, रिकामा केव्हा येतो, कोणी सांगितले, कोणत्या तारखेला. अमावास्येचे पान आहे, दोन वण्यांचे आहे, नर्मदेच्या पावसाचे आहे. गेल्या पावसाळ्यात ओघ देणाऱ्यांनी न कळविता तीन रकान्यांचे क्रम बदलले, तेव्हा पूर्वी ज्याला तीन आठवडे लागले असते ते वही उघडून एका दुपारी निस्तरले. शेजारच्या तालुक्यातील काही तरुण असेच काम करू पाहत आहेत; त्यांनी वहीची नक्कल मागून नेली. मध्यंतरी ज्यांच्याकडून आम्ही ओघ घेतो त्यांच्याच कचेरीतील एका नव्या कर्मचाऱ्याने ती मागितली. दिली. त्यांच्याकडे दुसरी नव्हती.

वहीत एक पान अजून कोरे आहे. ओळीच्या अगदी शेवटी एक रकाना येतो, त्याला नाव नाही. त्यात बहुतेक दिवशी १ असतो, कधी २, आणि वर्षातून तीन-चारदा ९. आम्ही सण पाहिले, संप पाहिले, पाऊस पाहिला, अमावास्याही पुन्हा पाहिली, जुळत नाही. त्या लिपिकांनाही विचारले. ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, “नऊ? नऊ आमच्याकडून जात नाही.” ज्या दिवशी ९ येतो त्या दिवशी आम्ही चारही बाजारांना फोन करतो.